वीस हजारांचे यंत्र आणि आईचे गाणे

आमच्या घरात वीस हजार रुपयांची एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी, यावर आजवर कधी वाद झाला नव्हता. कारण सरळ आहे. तेवढी रक्कम एकदम हाताशी असण्याचा प्रसंगच फारसा आला नाही. २०२३ च्या मे महिन्यात मात्र तो आला. भिशीचे चोवीस हजार आमच्या नावावर निघाले आणि त्याच आठवड्यात एक महागडे यंत्र आमच्यासमोर विकायला आले. त्या पंधरा दिवसांत घरात जे बोलणे झाले ते लिहून काढावे असे पुष्कळांनी सुचविले, कारण आमच्यासारखी अडचण अनेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असते.

आम्ही १९९७ पासून शनिवार पेठेत बाइंडिंगचे काम करतो. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून सायकल काढायची, अलका टॉकीजच्या चौकातून नारायण पेठ ओलांडायची आणि नऊच्या आत खळीच्या बादलीपाशी उभे राहायचे, असा आमचा नेम. त्याच पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला, आमची पत्नी एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे २०१४ पासून सकाळचा स्वयंपाक करीत होती. ती त्यांना काका म्हणते, म्हणून आम्हीही काकाच म्हणतो. काका एकटे राहायचे. त्यांना दोनच नाद, जुने चित्रपट आणि गाणे. भिंतीला लागून डिस्कचे कपाट, समोर पासष्ट इंची टीव्ही, आणि त्याखाली काळे, जाडजूड, दहा किलो वजनाचे एक यंत्र. मुलाने २०१७ साली अमेरिकेहून आणलेले. ओप्पो नावाचे. मोबाईलवर जे नाव असते तेच, पण हा ब्लू-रे प्लेअर. तिकडची त्याची किंमत १२९९ डॉलर. आमच्या पत्नीने सहा वर्षे त्या यंत्रावरची धूळ पुसली, पण ते चालू झालेले तिने कधी पाहिले नव्हते. काका रात्री लावायचे आणि तिचे काम सकाळचे.

काकांनी मुलाकडे बंगळुरूला जायचे ठरविले. सामान आवरताना ते पत्नीला म्हणाले, "हे यंत्र तुम्हाला हवे असेल तर वीस हजारांत देतो. निम्मे आत्ता द्या, निम्मे सवडीने." ते आम्हाला हवे असेल असे काकांना का वाटावे? त्याचे कारण आमची एक डिस्क.

आमचा मंगल परिणय मे २००६ मधला. शूटिंगवाल्याने दोन डीव्हीडी करून दिल्या होत्या. त्यांवर आम्हा दोघांचा फोटो छापलेला गोल कागद चिकटवलेला. दुसऱ्या डिस्कच्या शेवटी, सगळी मंडळी जेवून पांगल्यावर, आमच्या आईने सुनेला शेजारी बसवून गाणे म्हटले आहे. आई गाणारी होती. वस्तीत कोणाच्या घरी पाळणा असो, जयंतीचा आदला दिवस असो, आईला बोलावणे असायचेच. पण तिचे गाणे कोणी कधी टेप केले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने आई गेली. शेवटी तिला पाहताही आले नाही. फोटो पाच-सहा आहेत. हलती, बोलती, गाती आई फक्त त्या एका डिस्कवर.

आणि ती डिस्क लागेना. घरचा चायनाचा प्लेअर कुरकुर करी आणि 'नो डिस्क' लिही. टूथपेस्ट चोळून पाहिली, मऊ फडक्याने पुसून पाहिली. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने डिस्क उजेडात धरून सांगितले, "हलक्या प्लेअरवर ही चालणार नाही. भारीतला ब्लू-रे घ्या, तो वाचील." पत्नीने हे काकांच्या कानावर घातले होते. म्हणून काका म्हणाले, "एकदा लावून तर बघू. तुमच्या यजमानांनाही घेऊन या."

आम्ही संध्याकाळी काम सुटल्यावर गेलो. दाराशी सतरंजी होती, सवयीने तिथेच टेकत होतो. काका म्हणाले, "तिथे कशाला, समोर बसा, तिथून नीट दिसते." मग सोफ्यावर बसलो. पडदे ओढले. डिस्क आत गेली, थोडा आवाज झाला, आणि आमच्या लग्नाचा मांडव पासष्ट इंचांवर उघडला! आई पांढऱ्या लुगड्यात इकडून तिकडे फिरत होती. पत्नीने पदर तोंडाला लावला. बावन्न मिनिटे ठीक गेली. मग चित्राचे चौकोनी तुकडे झाले, आवाज अडखळला, सगळे थांबले. काकांनी पुन्हा लावली. या खेपेस पंचावन्न मिनिटांपर्यंत गेली. गाणे त्याच्याही पुढे होते.

परतताना पत्नी एकच म्हणाली, "आपल्यात लागतच नव्हती, यात लागली तरी. रोज लावत राहिलो तर एखाद दिवशी शेवटापर्यंत जाईल."

या बोलण्याला उत्तर काय द्यावे? मुलगी दहावीला होती, निकाल तोंडावर आलेला. तिला पदविकेला घालायचे आमचे ठरले होते. शिष्यवृत्ती मिळते, पण ती हातात पडेपर्यंत पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य, बसचा पास हे काही थांबत नाही. भिशी त्यासाठीच धरली होती. पत्नीलाही हे आमच्याइतकेच ठाऊक होते. तरी ती तसे म्हणाली. आम्हीही 'नाही' म्हटले नाही. आईचा प्रश्न होता.

इथे जरा मागे जावे लागेल. वस्तीत व्हिडिओ आला तेव्हा कोणाच्या मालकीचा नव्हता. रात्रीच्या भाड्याने रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी यायच्या. घरटी वर्गणी निघायची, आणि भाडे वसूल व्हावे म्हणून लोक पहाटेपर्यंत डोळे ताणून बसायचे. कॅसेट झिजलेली असली की पडद्यावर पाऊस पडे. कोणी तक्रार केली नाही. मग व्हीसीडी आली, मग डीव्हीडी. २००७ साली मोझर बेअर कंपनीने चित्रपटाच्या डिस्क तीस-चाळीस रुपयांच्या आत आणल्या आणि भाड्याचा धंदाच बसला. पुढे ती कंपनीही बुडाली. ब्लू-रे मात्र आमच्या वस्तीत कधी आलाच नाही. तो २००६ साली बाजारात आला, पण त्याची एक डिस्क आमच्या आठवड्याच्या भाजीइतकी महाग. तोवर पेनड्राइव्ह आली, मोबाईल आला, आणि लोक मधली पायरी सोडून थेट पुढच्या पायरीवर गेले. जब्बार पटेलांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट आम्ही वस्तीत चादरीवर प्रोजेक्टर लावून पाहिला. चादरीला मधोमध शिवण होती. मामुट्टींच्या कपाळावरून ती शिवण गेलेली, पण ती आम्हाला पाच मिनिटांनंतर दिसेनाशी झाली.

असो. मुद्द्याकडे येऊ. आम्हाला यंत्रातले काही कळत नाही, पण आमचा भाचा संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याला रविवारी बोलावून घेतले. त्याने आधी डिस्क उलटी केली आणि विचारले, "मामा, हिची खालची बाजू कशी दिसते?" जांभळट दिसत होती. तो म्हणाला, "इथेच सगळे आहे."

त्याने समजावले ते असे. दुकानात चित्रपटाची डिस्क मिळते ती कारखान्यात साच्यातून छापलेली असते. तिच्यात बारीक खड्डे उमटलेले असतात आणि वर ॲल्युमिनियमचा मुलामा. ती खालून चंदेरी दिसते आणि नीट ठेवली तर पुष्कळ टिकते. लग्नाची डिस्क तशी नसते. तिच्यात एक रंग असतो. लिहिणारे यंत्र लेसरने तो रंग ठिकठिकाणी भाजते, आणि त्या भाजलेल्या खुणा म्हणजे आपले चित्र. उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने हा रंग विटतो. आपले घर पत्र्याचे, कपाटाचा वरचा कप्पा पत्र्याला लागून. म्हणजे सतरा उन्हाळे आम्ही आईला भाजत ठेवले होते म्हणायचे!

दुसरी गोष्ट. डिस्कवरचे लिखाण आतून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते. ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलटे. म्हणजे सुरुवातीचा मांडव मध्यभागी सुरक्षित, आणि शेवटचे गाणे अगदी कडेला. बोटांचे ठसे पडतात ते कडेला, धक्के बसतात ते कडेला. त्यात वर चिकटवलेला तो फोटोचा कागद. भाचा म्हणाला, त्या कागदाने डिस्क किंचित वाकते आणि कडेला लेसरचा नेम चुकतो. हे मात्र त्याने सांगण्याआधीच आम्हाला समजले. आमचा तर जन्म यातच गेला. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला खळ लावून कागद डकवला की वाळताना कागद ओढतो आणि पुठ्ठा होडीसारखा वाकतो. म्हणून आम्ही आतूनही कागद लावतो, दोन्हीकडची ओढ सारखी होते, पुठ्ठा सरळ राहतो. सतरा वर्षे ती डिस्क घरात होती आणि आम्हा बाइंडरला हे दिसले नाही, याची लाज वाटली. घाईने कागद सोलायला गेलो तर भाच्याने हात धरला. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, ओढाताणीत त्याच सुटायच्या.

मग आम्ही मुख्य प्रश्न विचारला. काकांचे यंत्र घेतले तर ते हे वाचील का? भाचा म्हणाला, "वाचीलही, नाहीही. कुठले यंत्र कुठली खराब डिस्क वाचील हे किमतीवर नसते. प्लेअरला चित्र चालू ठेवायचे असते. एक जागा वाचता आली नाही की तो दोन-चारदा बघतो, नाही तर थांबतो. संगणकाला घाई नसते. न वाचलेली जागा सोडून पुढचे आधी उतरवायचे आणि मग मागे येऊन ती जागा शंभरदा, दोनशेदा वाचायची. रात्रभर."

मग त्या यंत्राचे लाखभर रुपये कशाचे? हा प्रश्न पत्नीने विचारला, आणि तो अगदी रास्त होता. भाच्याने मोबाईलवर शोधून जे सांगितले ते ऐकून आम्ही चाट पडलो. याच कंपनीचा याच काळातला धाकटा प्लेअर ५४९ डॉलरला होता. थोरला १२९९ ला. दोघांत डिस्क फिरवणारा भाग तोच, चित्र तयार करणारी चिप तीच. टीव्हीला जाणारे चित्र दोघांचे सारखेच. वरचे साडेसातशे डॉलर मुख्यतः आवाजासाठी. भारी सर्किट, भारी वीजपुरवठा, वेगळे ॲम्प्लिफायर ज्याच्याकडे आहे त्याच्या कानांसाठी. आमच्याकडे टीव्हीचाच आवाज. तो आवाज टीव्हीच्या आतच तयार होतो, प्लेअर कितीही भारी असो.

त्याने आणखी एक गंमत सांगितली. २०१० साली अमेरिकेत लेक्सिकॉन नावाच्या नामांकित कंपनीने साडेतीन हजार डॉलरचा ब्लू-रे प्लेअर काढला. जाणकारांनी तो उघडला तर आत ओप्पोचा पाचशे डॉलरचा प्लेअर, त्याच्या मूळच्या सांगाड्यासकट, बसवलेला! डब्यात डबा. वर जाड पत्रा आणि नवे नाव. आपल्याकडे जुन्या वहीला नवे कव्हर घालून विकणारे पाहिले होते, पण हा हिशेब फारच पुढचा झाला.

तरी सर्व महाग यंत्रे म्हणजे फसवणूक, असे आम्हाला म्हणायचे नाही. ब्लू-रे डिस्कचे चित्र खरोखर सुंदर असते, ते आम्ही काकांकडे डोळ्यांनी पाहिले. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावते, ब्लू-रेच्या एका थरात २५. लेसर निळसर, त्याची लहर आखूड, म्हणून खुणा बारीक मावतात. चित्रात डीव्हीडीच्या पाचपट ठिपके. पण ते दिसायला पडदा हवा. आमचा टीव्ही ३२ इंची. त्याची रुंदी एकाहत्तर सेंटीमीटर. त्यावर १९२० ठिपके आडवे बसवले तर एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. आमच्या खोलीत आठ फुटांवरून तो कोणाच्या डोळ्याला सुटा दिसणार? आणि मुळात लग्नाची डिस्क डीव्हीडीच आहे. ब्लू-रे प्लेअर तिला ताणूनताणून मोठी करील, नसलेले ठिपके कुठून आणील?

काकांची बाजूही सांगितली पाहिजे. ते म्हणायचे, मोबाईलवर आज दिसणारा चित्रपट उद्या करार संपला की गायब होतो. कपाटातली डिस्क कोणी काढून नेत नाही. हे खरेच आहे. पण डिस्क वाचणारी यंत्रेच कमी होत चालली आहेत. ओप्पोने २०१८ साली प्लेअर बनवणे थांबविले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेतून अंग काढले, एलजीनेही २०२४ मध्ये हा धंदा सोडला. काकांचे यंत्र उद्या बिघडले असते तर त्याचा भाग आम्ही कुठे शोधला असता? पासष्ट इंची पडदा, अंधारी खोली, वेगळे स्पीकर आणि दोनशे डिस्क ज्याच्याकडे आहेत त्याने प्लेअर घ्यावा, पण मधल्या किमतीचा घ्यावा. त्याच्यावरचा पैसा कानाच्या हौसेचा. हौस करणाऱ्याने ती जरूर करावी, फक्त चित्र सुधारेल या भ्रमात करू नये. आमच्यासारख्या घराला तर ते यंत्र वीस हजारांतही महागच.

आम्ही काकांना जाऊन सरळ सांगितले. ते हसले. म्हणाले, "भाचा हुशार आहे. मी ते डोळ्यांसाठी घेतलेच नव्हते. पण डिस्क तेवढी वाचवा." यंत्र ते बंगळुरूलाच घेऊन गेले. त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्याचे, आतून कापड लावलेले खोके आम्ही कारखान्यात करून दिले. दोन्ही बाजूंनी कागद लावून.

डिस्क वाचवायला शेवटी लागले ते असे. भाच्याचा लॅपटॉपला जोडायचा डीव्हीडी रायटर त्याच्याकडेच होता. दुसरा, जुन्या मोठ्या संगणकातला, त्याने कुंभारवेशीच्या जुन्या बाजारातून रविवारी तीनशे रुपयांना आणला. दुकानदार म्हणाला होता, चालेल की नाही सांगत नाही. दोन यंत्रे कशाला, तर एकाला जी जागा वाचता येत नाही ती कधीकधी दुसऱ्याला येते. तीन रात्री त्याचा संगणक चालू होता. पहिल्या रात्रीनंतर बावन्न मिनिटांच्या पुढचे तुकडे-तुकडे दिसू लागले. दुसऱ्या रात्री लॅपटॉपवाले यंत्र एका जागी अडले ते अडलेच. जुन्या बाजारातल्या तीनशे रुपयेवाल्याने ती जागा पहाटे साडेतीनला वाचली. भाच्याने तेव्हाच फोन केला. आम्ही जागेच होतो.

ज्यांच्या घरी जांभळ्या बुडाची डिस्क आहे त्यांनी ती आजच खाली काढावी, एवढे सांगतो. लागत असेल तर अजिबात वाट न पाहता कोणा माहितगाराकडून संगणकात उतरवून घ्यावी. व्हीएचएस कॅसेट असेल तर त्याहून लवकर, कारण ती चालवणारे व्हीसीआर आता भंगारातच सापडतात. पेनड्राइव्हवर एकच प्रत ठेवून निर्धास्त होऊ नये, तीही मरते. आपण सामान्य माणसे आहोत, पण ज्यांचे कामच जपणूक त्यांचेही हात कधी पोळतात. २००३ साली आपल्याच पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात साठवलेली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुन्या चित्रपटांची हजारो रिळे आगीत गेली. आम्ही तीन प्रती केल्या. एक आमच्याकडे, एक भाच्याकडे, एक येरवड्याला धाकट्या बहिणीकडे. भिशीचे पैसे शाबूत राहिले, तीनशे रुपये आणि भाच्याच्या आवडीचे मटण वजा जाता. मुलीला निकालानंतर पदविकेला प्रवेश मिळाला.

तो सगळा भाग आम्ही घरच्या ३२ इंचीवर पाहिला. बहिणी आल्या होत्या, शेजारीही आले. आई सुनेच्या हातात हात घालून बसली आहे, कोणीतरी मागून खुर्च्या उचलतो आहे, त्यांचा आवाज गाण्यात येतो. ती मधेच थांबून "अरे, जरा हळू" असे त्याला म्हणते आणि पुन्हा सूर लावते. दुसऱ्या कडव्यात अकरा सेकंद गेले आहेत. ती जागा दोन्ही यंत्रांनी शेवटपर्यंत दिली नाही. चित्र गोठते, आईचे तोंड उघडे, आवाज नाही, मग एकदम पुढची ओळ. त्या अकरा सेकंदांत कोणते शब्द होते? गाणे आईने स्वतः जुळवलेले, कुठे लिहिलेले नाही. थोरली बहीण म्हणते तिथे आईने सुनेचे माहेरचे नाव घेतले होते. धाकटी म्हणते, नाही, तिथे तिने आमच्या वडिलांना हाक घातली होती. दोघी त्या दिवशी तिथेच उभ्या होत्या, पडद्यावर दिसतातही. पत्नीला विचारले तर ती म्हणते, आपण तेव्हा रडत होतो, काही ऐकू आले नाही. दोघी बहिणींचे यावर अजून एकमत झालेले नाही.